साडभाऊंचा दुसरा हजेरीपट

सबंध भंडारा जिल्ह्यात सरळ रस्त्याने सरळ घरी पोचता न येणारा एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. रोज पिणारी माणसंसुद्धा कधी ना कधी घरी पोचतात. हे गृहस्थ सुपारीच्या खांडालाही न शिवणारे, पण शाळा सुटल्यावर निघाले की दिवेलागणीपर्यंत वाटेतच. शाळा आणि त्यांचं घर यांच्यामध्ये आहे तरी काय? एक मारुतीचं देऊळ, धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि एक बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. दहा मिनिटांची वाट. पण पहिल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्यांना खेकड्याचं बीळ दिसतं, दुसऱ्यावर टिटवी ओरडते, आणि बोडीवर पोचले की संपलंच. मग माझी मोठी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, माझ्या घरी फोन करून विचारते, "आमचे हे कोनत्या बिळात गेले, पाहा बरं जरा."

आमच्या बायका साकोलीच्या, सख्ख्या बहिणी. मोठी त्यांना, धाकटी मला. त्यात पुन्हा आम्ही दोघं अड्याळच्या अलीकडच्या एका गावात दोनशिक्षकी शाळेत एकत्र. वयाने ते मोठे, पण मुख्याध्यापकाचा कार्यभार माझ्याकडे. कारण तो कोणी घ्यायचा हे ठरवायची बैठक भरली तेव्हा ते वर्गाच्या भिंतीतली वाळवी कुठवर गेली हे पाहायला बाहेर गेले होते आणि आत मी एकटाच सापडलो. तेव्हापासून कागद माझे आणि किडे त्यांचे, अशी वाटणी झाली. आम्ही एकमेकांना साडभाऊ म्हणतो. शाळेत 'सर' म्हणायचं आम्ही ठरवलं होतं, पण ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही आणि माझंही तोंड वळलं नाही.

त्यांच्या खिशात हात घालणारा चोर अजून जन्माला आला नाही, आणि जन्माला आलाच तर त्या दिवसापासून चोरी सोडेल. सापाची कात, सुगरणीच्या खोप्याचा तुकडा, पिंगळ्याने ओकलेली उंदराची हाडं, हे सगळं ते पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदात, बांधून शर्टाच्या खिशात ठेवतात. एकदा शिक्षकांच्या बैठकीत शेजारच्या गुरुजींना खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, तलफ आली. आमच्याकडे खर्राही असाच पन्नीत बांधलेला मिळतो. त्यांनी साडभाऊंच्या खिशातली पुडी पाहिली, हक्काने काढली, तळहातावर मळली आणि तोंडाकडे नेली. साडभाऊंनी त्यांचा हात धरला आणि अतिशय काळजीने म्हणाले, "नोका खाऊ जी, ते मुंगसाचं आहे." मुंगसाचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते गुरुजींना कळलं असावं, कारण त्यांनी त्या दिवसापासून खर्रा सोडला. त्यांची बायको अजून साडभाऊंना दर संक्रांतीला तिळगूळ पाठवते.

त्यांच्या मोटारसायकलवर मी एकदाच मागे बसलो. अड्याळच्या बाजाराला निघालो होतो. मधेच त्यांनी करकचून ब्रेक मारला. मला वाटलं, वाघ. आमच्याकडे नागझिऱ्याचं जंगल काही फार लांब नाही, त्यामुळे असं वाटण्यात माझी चूक नव्हती. पाहतो तर रस्त्यात शेणकिडा. तो आपला गोळा ढकलत रस्ता ओलांडत होता आणि साडभाऊ दोन्ही हात पसरून मागून येणारा ट्रॅक्टर अडवत होते. ट्रॅक्टरवाला काय बोलला ते इथे लिहिता येत नाही. वाघाचं त्यांना काही कौतुक नाही. ते म्हणतात, वाघाला पाहायला लोक पैसे मोजून गाड्या करून येतात, त्याचं बरं चाललंय, पण गोगलगायीकडे पाहायला कोण आहे?

गोगलगायीकडे पाहायला आमच्या शाळेची मुलं होती. शनिवारी सकाळची शाळा. परिपाठ झाला की साडभाऊ मुलांना घेऊन बाहेर पडायचे. प्रत्येक मुलाच्या खांद्यावर एकेक जुना सायकलचा टायर. पंक्चरवाल्याकडून मागून आणलेले. ही वरात गावातून निघाली की पानठेल्यावरची माणसं हसून घ्यायची. बोडीच्या पारेवर, म्हणजे बांधावर, पोचलं की प्रत्येकाने आपला टायर जमिनीवर टाकायचा, त्याच्याजवळ उकिडवं बसायचं आणि त्या गोलात जे जे राहतं ते पाहायचं. बोलायचं नाही, उपटायचं नाही. अर्धा तास. आमच्या पोरांना अर्धा मिनिट गप्प बसवणं मला कधी साधलं नाही, पण तिथे ती मुंग्यांची रांग बघत चिडीचूप बसायची. एखादा मुलगा विचारायचा, गुरुजी, ही अळी काय खाते? साडभाऊ सांगायचे, "मले काय विचारतं? तिलेच विचार." मग तो पोरगा अर्धा तास अळीसमोर बसून तिला विचारायचा आणि गंमत म्हणजे ती सांगायची. मला संशय होता की साडभाऊंना स्वतःला उत्तर माहीत नसतं. पुढे तो खरा निघाला. निम्म्या गोष्टी त्यांना माहीत नव्हत्या आणि त्याची त्यांना कणभर लाज नव्हती.

गावाची तक्रार होती. आया म्हणायच्या, शनिवारचे कपडे धुवायला वेगळा साबण लागतो. एकीच्या मुलाच्या दप्तरातून बेडूक निघून देव्हाऱ्यात बसला. सगळ्यात जोरात तक्रार बोडीत मासोळी धरणाऱ्या आज्याची. म्हातारा वाळका, कमरेला पंचा, आवाज मात्र ढोलाचा. तो शाळेच्या फाटकापाशी उभा राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणायचा की पोट्टे शिकवाले पाठवले का माझ्या मासोळ्या भेडवाले? त्याचा नातू चौथीत होता आणि त्याच वेळी फाटकाआड लपलेला असायचा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मागे एका उन्हाळ्यात गावातल्या पोरांना गलोलीचं वेड लागलं होतं. पाखरू दिसलं की दगड. साडभाऊंनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, गलोली जप्त करून माझ्या कपाटात ठेवल्या. पोरांनी नव्या केल्या. मग शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी त्यांनी प्रत्येक मुलाला एकेक शेजारी वाटून दिला. कोणाला बोडीवरची ढोकरी, म्हणजे बगळ्यासारखं मातकट पाखरू, कोणाला पिंपळाच्या ढोलीतला पिंगळा, कोणाला देवळातली पाल. मुलाने त्याचं नाव ठेवायचं, आडनाव त्याच्या पत्त्यावरून लावायचं आणि रोज सकाळी शाळेत येताना तो आहे की नाही पाहून यायचं. मुलगा त्याचा पालक. पाल शाळेत येऊ शकत नाही, म्हणून तिची हजेरी पालकाने द्यायची. महिनाभरात गलोली बंद झाल्या. साडभाऊंचं म्हणणं साधं होतं, ज्याचं नाव आपण घेतो त्याला दगड मारवत नाही. मी म्हणालो, भाऊबंदकीत मारतात. ते म्हणाले, ते मोठे झाल्यावर.

चूक इतकीच झाली की ही हजेरी त्यांनी वहीत न घेता छापील हजेरीपटात घेतली. शाळेला दोन कोरे हजेरीपट जास्तीचे आले होते, ते कपाटात पडून होते, आणि त्यांना वाटलं, रकाने आयते आखलेले आहेत तर वाया का घालवा. कु. शेवंता बोडीकर. चि. धनराज कोठीवार. चि. बाबुराव पिंपळे. सुवाच्य अक्षरात, अनुक्रमांकासह. आणि महिन्याच्या शेवटी खाली मुख्याध्यापकाची सही. म्हणजे माझी. मी कागदाचा माणूस आहे. कागद समोर आला की मी सही करतो, वाचत बसत नाही.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तालुक्याहून नवे साहेब न कळवता आले. शिक्षकी पेशात ज्या दोन-तीन शब्दांनी झोप उडते त्यातला पहिला 'बोगस पट' हा आहे. न येणाऱ्या मुलांची नावं पटावर लावून ठेवली की संपलं, नोकरीवर गदा. साहेबांनी टेबलावर दोन हजेरीपट पाहिले, डोकी मोजली, एकाच पटापुरती भरली. मी चहा सांगायला गेलो तेवढ्यात त्यांनी दुसरा उचलला आणि वर्गात जाऊन उभे राहिले.

"शेवंता बोडीकर."

दोन वेण्यांची तिसरीतली मुलगी उभी राहिली. "हजर जी."

"तू शेवंता का?"

"नाही जी. मी तिची पालक."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. शेवंता कुठे आहे, असं विचारलं.

"बोडीवर आहे जी. आता पाहून आली मी. बेडूक गिळून राहिली होती."

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. ते मी नंतर वाचलं. 'शाळाबाह्य मुलगी, कुपोषणाची शक्यता, तातडीने भेट.' माणूस मनाने वाईट नव्हता. पुढचं नाव त्यांनी जरा हळू आवाजात घेतलं, धनराज कोठीवार. आज्याचा नातू उठला आणि म्हणाला, धनराज हजर आहे, कोठीत आहे, तांदळाच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, मागे.

"त्याला बाहेर बोलाव."

"येत नाही जी तो. दोन दिवसापासून त्याले डोयानं दिसत नाही. चिडून राहिला."

आजारी पोराला शाळेने तांदळाच्या कोठीत कोंडून ठेवलंय, एवढंच साहेबांना कळलं. ते तिरासारखे निघाले, मी चहाचा ट्रे घेऊन मागे, माझ्या मागे अख्खी शाळा. त्यांनी कोठीचं दार उघडलं, कट्टा बाजूला केला आणि ते उलट्या पावलांनी बाहेर आले. त्यांच्या हुद्द्याच्या मानाने फारच वेगाने. आत साडेसहा फुटांची धामण होती. कात टाकायला आली की सापाच्या डोळ्यांवर साय येते आणि तो बेजार होतो, हे त्या पोराने खरं तेच सांगितलं होतं. धामण विषारी नसते, उंदीर खाते, तिच्यामुळे आमचा तांदूळ सुरक्षित होता, हे सगळं सांगण्यासारखं होतं. साडभाऊ मात्र पुढे आले आणि साहेबांच्या कोपराला हळूच धरून म्हणाले, "आवाज नोका करू साहेब, त्याले त्रास होते."

मला हसू आलं असतं, पण साहेबांनी हजेरीपटातल्या माझ्या सहीवर बोट ठेवलं होतं.

दोघांनाही नोटिसा आल्या. खुलासा तीन दिवसांत. साडभाऊंच्या निवृत्तीला जेमतेम पाच महिने राहिले होते. दुसरा कोणी असता तर धास्तावला असता. हे मला म्हणाले, "चौकशी लावू द्या, साडभाऊ. शनवार तेवढा राहू द्या म्हणावं." त्यांना बाकी कशाचीच भीती नव्हती. आपले शेवटचे शनिवार जातील, एवढाच घोर. पुढे आणखी म्हणाले की तुम्ही मुख्याध्यापक, तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे, काय ते लिहा.

मी काय लिहिलं ते सांगतो. 'सदर प्रकार माझ्या परवानगीशिवाय व माझ्या अपरोक्ष करण्यात आला असून त्याच्याशी माझा संबंध नाही.' माझ्या पोरीचं लग्न ठरत होतं, मला कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, ही कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण, मी भित्रा आहे. दर शनिवारी ते मला विचारूनच निघायचे आणि मी फाटकापर्यंत जाऊन हात हलवायचो. ते पत्र मी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, स्वतः कार्यालयात देऊन आलो आणि घरी कोणाला सांगितलं नाही.

आदेश आला. पुढील सूचनेपर्यंत विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेऊ नये. साडभाऊंनी आदेशाची त्यांची प्रत घेतली, घडी करून खिशात ठेवली. कुठलंही परिपत्रक ते वाचत नसत, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पुढचे चार शनिवार त्यांनी वर्गात घेतले. पुस्तकातला धडा, पान काढा, वाचा, प्रश्न सोडवा. असा व्यवस्थित तास मी त्यांचा कधी पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. टायर माझ्या खोलीत एकावर एक रचून ठेवले होते. पाचव्या दिवशी त्यातून डास निघायला लागले आणि एरवी त्यांनी त्या डासांच्याही चौकशा केल्या असत्या, पण ते खोलीत आलेच नाहीत. माझ्याशी रोजच्यासारखंच बोलायचे. चहा झाला का, पोरगी काय म्हणते. तेच मला सहन होईना. संध्याकाळी दहा मिनिटांत घरी पोचायला लागले, तर मोठी मेव्हणी घाबरली. माझ्या बायकोला म्हणाली, यांना दवाखान्यात दाखवू का?

आणि मग एका दुपारी आजा फाटकापाशी उभा. मी म्हटलं, झालं, आता याची नवी तक्रार. पण तो फाटक उघडून आत आला, पायरीवर बसला आणि पहिल्यांदाच हळू बोलला.

"बुढे गुरुजी काहून येऊन नाही राहिले बोडीवर?"

मी म्हटलं, तुमचीच तर तक्रार होती.

"होती. माझा नातू मले जाळं टाकू देत नाही. म्हणते, आबा, तिकडं मरळीनं पिल्लं काढले, तिकडं नोको. मरळ पिल्लं घेऊन फिरते हे का मले माहीत नाही? मी तं तिच्याच भरवशावर जगलो. पण पोट्ट्यानं अडवलं तं मी दुसऱ्या आंगाले जाळं टाको. बोलो, शिव्या देवो, पण टाको दुसऱ्या आंगाले." त्याने पंच्याच्या टोकाने तोंड पुसलं. "आता चार हप्ते झाले. काल तोच पोट्टा पारेवर होता. हातात गलोल. मी काई बोललो नाही. कोनाले बोलू?"

तो उठून गेला. मी कोरा कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा नमुना न पाहता पत्र लिहिलं. मुलांना बाहेर नेण्याची परवानगी मीच दिली होती, दर शनिवारी दिली होती, आणि माझ्या पहिल्या खुलाशातला मजकूर खोटा आहे.

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता निलंबन. त्यांनी विचारलं, "तो धनराज अजून कोठीतच आहे का?" मी म्हटलं, त्याचं नाव कमी केलं साहेब, दाखला देऊन बोडीवर पाठवला. ते हसले नाहीत, पण कागदावर शेरा मारला. 'परवानगी देण्यात येते. मुख्याध्यापकांनी प्रत्येक वेळी स्वतः सोबत राहावे.' प्रत्येक वेळी या शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली. दुसऱ्या हजेरीपटाचं मात्र त्यांनी साध्या वहीत रूपांतर करायला लावलं.

अशा रीतीने मी, जो झुरळ दिसलं की बायकोला हाक मारतो, दर शनिवारी खांद्यावर टायर घेऊन गावातून निघायला लागलो. पानठेल्यावरच्या लोकांना नवा हुरूप आला. पहिल्याच शनिवारी बांधीत घसरून मी कमरेइतका चिखलात गेलो आणि दोन वेण्यांच्या मुलीने मला हात देऊन काढलं. दुसऱ्या शनिवारी माझ्या टायरात गोम निघाली. मी उठलो तर आज्याचा नातू गंभीरपणे म्हणाला, उठाचं नाही जी, अर्धा तास झाला नाही. बसलो. काय करणार, मुख्याध्यापकानेच नियम मोडला तर? थंडीपर्यंत मला ढोकरी आणि बगळा यातला फरक कळायला लागला. गलोल पुन्हा दिसली नाही. साडभाऊ पूर्ववत उशिरा घरी पोचायला लागले आणि मोठ्या मेव्हणीचे फोन सुरू झाले.

जानेवारीच्या शेवटी त्यांचा शेवटचा शनिवार आला. बोडीवर बाहेरदेशीची बदकं उतरली होती. मुलं आपापल्या टायराशी बसली होती, आणि आम्ही दोघं पारेवर. सेवापूर्तीनंतर ते करडीला, आपल्या गावी जाणार होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी निरोपाच्या शालीचा रंग वगैरे विषय काढला. ते बदकांकडेच पाहत होते. पाहता पाहता म्हणाले, "तुमचं पयलं पत्र मी वाचलं होतं, साडभाऊ. आदेशासंगं त्याची झेरॉक्स होती."

चार शनिवार, चार आठवड्यांचे चहा, सगळे डोळ्यांसमोरून गेले. मी कसंबसं विचारलं, मग बोलले काहून नाही?

"काय बोलाचं? भेलेल्या जनावराच्या मांगं धावाचं नसते. तुमी बसून राहा, हालू नोका. येते ते आपल्या मनानं."

मला माफी मागायची होती. शब्द तयार होते, तोंडापर्यंत आले होते. तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली, गुरुजी, हे काय होय? आणि ते गुडघ्यावर हात टेकत उठले आणि उतारावरून खाली गेले.

आता महिन्या-दोन महिन्यांनी मी करडीला जातो. मोठी मेव्हणी जेवायला वाढते, साडभाऊ कुठेतरी धुऱ्यावर अडकलेले असतात, त्यांची वाट पाहतो. ते येतात, खिसे रिकामे करतात, शनिवारचं विचारतात, मी सांगतो. माफी मागायची ठरवूनच निघतो दर वेळी. अजून मागितलेली नाही. तेही काही विचारत नाहीत, नुसते शेजारी बसून राहतात.